हायड्रॉलिक क्लचचं पेडल खाली बसतंय, वर येत नाही – तुमचे अनुभव लिहा

सिग्नलला उभा होतो. दिवा हिरवा झाला, पहिला टाकून निघालो, दुसऱ्यासाठी क्लच दाबला आणि पाय उचलला तर पेडल खालीच. मागे हॉर्न सुरू. बुटाचं टोक पेडलखाली घालून वर ओढलं तर अगदी अलगद आलं, जणू त्याला काही जोडलेलंच नाही. पाच-सहा वेळा भराभर दाबल्यावर पुन्हा कडक झालं आणि घरापर्यंत काहीही तक्रार नाही.

गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदललं (क्लचही त्याच ऑइलच्या दाबावर चालतो). जुनं चहासारखं काळपट निघालं. आठवडाभर गाडी शहाण्यासारखी वागली, मग पुन्हा तेच. बाहेर कुठे गळती नाही, डबीतली पातळी जागच्या जागी.

ज्यांनी हा प्रकार भोगलाय त्यांनी सविस्तर लिहा. ‘मेकॅनिककडे दिली, झाली’ एवढंच नको. पेडल नेमकं कसं वागत होतं आणि उघडल्यावर काय निघालं, ते हवंय.

*

माझ्याकडे पातळी हळूहळू उतरत होती. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते आणि क्लचची नळी डबीत वरच्या बाजूला असते, म्हणजे क्लच गळून रिकामा झाला तरी ब्रेकपुरतं ऑइल उरावं. त्यामुळे ब्रेक उत्तम आणि क्लच मेलेला, असा प्रकार होतो.

स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचं, रबरी आवरण नखाने जरा मागे सारलं तर आतून काळं ऑइल टपकलं. मी हौसेने फक्त सील किट टाकलं. तीन महिन्यांत पुन्हा गळती. सिलिंडरची आतली भिंत गंजाने खरवडलेली होती, नवं सील तिथे किती टिकणार? दुसऱ्यांदा अख्खा स्लेव्ह बदलला. तेव्हापासून किटच्या भानगडीत पडत नाही.

*

दोन मॅट एकावर एक होत्या. वरची सरकून पेडलखाली गेली होती. अर्धा दिवस बॉनेट उघडून बसलो होतो, यापुढे विचारू नका.

*

धागाकर्ते, एक गोष्ट आधी ठरवा. पेडल खाली अडकलेलं असताना इंजिन चाकांना जोडलेलं असतं की सुटलेलं? सगळे ‘क्लच अडकला’ असंच म्हणतात, पण हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

माझं उलटं होतं. पेडल वर यायचं, पण गाडी हलायची नाही. पहिला गिअर, पाय पूर्ण उचललेला, इंजिन नुसतं गुरगुरतंय, आणि दोन-तीन सेकंदांनी गाडी एकदम हिसका देऊन पुढे. एकदा अशी अडकलेली असतानाच इंजिन बंद करून स्लेव्हचं निपल (आतली हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) किंचित सैल केलं. ऑइलची पिचकारी उडाली आणि क्लच तिथल्या तिथे बसला. म्हणजे दाब आत कोंडला होता, परत जायला वाट नव्हती. दोषी निघाली लवचीक होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी. बाहेरून नव्यासारखी, पण कापून पाहिली तर आतलं रबर फुगून सुईच्या नेढ्याएवढी वाट उरलेली. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, परतीच्या दाबाला मात्र तिथून निघता यायचं नाही.

निपल सोडूनही फरक पडला नसता, तर मग गिअरबॉक्सच्या बाजूचं काहीतरी. तुमचं पेडल हाताला हलकं लागतंय म्हणून माझा संशय मास्टरवर, म्हणजे पेडलला जोडलेल्या, ऑइल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरवर. सपाट मोकळ्या जागेत, पुढे कोणी नसताना, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून धरा आणि दुसरा पाय ब्रेकवर तयार ठेवा. अर्ध्या-एक मिनिटात गाडी पुढे ओढू लागली, तर ऑइल सीलच्या कडेने मागे निसटतंय.

*

वरच्या प्रतिसादातल्या ‘गिअरबॉक्सच्या बाजूचं’ मध्ये मी आहे. मास्टर, स्लेव्ह, होज, सगळं नवं घातलं आणि पेडल तरी अर्ध्यात अडकायचंच. शेवटी गिअरबॉक्स उतरवला. रिलीज बेअरिंग (पुढे सरकून क्लच सोडवतं ते) ज्या नळीवर सरकतं तिच्यावर खाच पडली होती, आणि त्याला ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू कोरडा ठणठणीत. बेअरिंग त्या खाचेत अडकून बसायचं. निपलची ती युक्ती तेव्हा माहीत असती तर तीन पार्टचे पैसे वाचले असते. असो.

ज्यांच्या गाडीत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती असतो त्यांनी एक लक्षात ठेवा. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच प्लेटही त्याच खेपेला पाहून घ्या.

*

आमच्याकडे कुणीतरी डबीत पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं होतं. कुणी ओतलं ते कबूल करायला कोणी तयार नाही. ब्रेक फ्लुइडच्या यंत्रणेतली रबरं खनिज तेलात फुगतात. आधी क्लच जड झाला, मग अडकायला लागला, आणि डबी एकच असल्यामुळे ब्रेकही सोडवत नव्हते. दोन्हीकडची सगळी रबरं बदलावी लागली. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच घाला. आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

*

एअर काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मास्टर बदलल्यावर माझं पेडल पूर्ण मेलेलं. मी गाडीखाली, मुलगी आत.

‘दाब.’
‘दाबलं.’
‘धरून ठेव.’ निपल सैल, फसफस, निपल बंद. ‘आता सोड.’
‘बाबा, ते वर येतच नाहीये.’
‘हाताने ओढ!’

चाळीसेक वेळा झालं, तरी पेडल स्पंजासारखंच. मग स्वच्छ सिरिंजने निपलमधून ऑइल खालून वर हळूहळू ढकललं. डबीत बुडबुडे येताना दिसले आणि दहा मिनिटांत काम झालं. हवा वर जायला बघते, आपण तिला खाली हाकत बसतो. डबी आधी थोडी रिकामी करा, नाहीतर वरून वाहील.

*

धागाकर्ता पुन्हा. ती पहिल्या गिअरची चाचणी केली. वीसेक सेकंदांत गाडीचं नाक उचललं आणि इंजिन दबायला लागलं. म्हणजे मास्टरच. बाहेर थेंबही न पडता ऑइल आतल्या आत मागे जात होतं. पेडलला खरं वर ढकलतो तो क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा जोर, तो ऑइलमार्फत येतो. ऑइल मधेच निसटलं की पेडलला उचलणारं कोणी उरत नाही.

नवा मास्टर बसवताना पेडल आणि मास्टरमधल्या दांडीला, पुशरॉडला, किंचित मोकळीक ठेवली. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं आणि तापलेलं ऑइल फुगून क्लच घसरायला लागतो. एअर सिरिंजनेच काढली. जुन्या सिलिंडरचं सील हातात घेऊन पाहिलं, तर त्याची धारदार कड एका बाजूने साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती.