गेरीचा डाव

काही जण म्हणतात की कार्टूनमध्ये बुद्धिबळ म्हणजे खलनायक धूर्त आहे एवढं सांगायची खूण. खेळाशी त्याचा काही संबंध नसतो. बऱ्याच ठिकाणी हे खरं आहे. पट आडवा मांडलेला, उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढऱ्याऐवजी काळं घर, आणि समोरच्याला दिसू नये अशी मात अचानक. खेळणाऱ्याला हे खटकतंच.

पण पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा १९९७ सालचा 'गेरीज गेम' हा लघुपट बघाच. यान पिंकावाने दिग्दर्शित केलेला, ऑस्कर मिळालेला. बागेत गेरी नावाचा एक म्हातारा एकटाच बुद्धिबळ खेळतोय: चाल केली की उठून पलीकडे जाऊन बसतो. चष्मा लावला की भित्रा, काढला की आक्रमक. संवाद एकही नाही. हळूहळू संकलन असं वेगवान होतं की दोन माणसं समोरासमोर आहेत असंच वाटू लागतं. चष्मेवाल्याकडे जवळपास नुसता राजा उरतो, तेव्हा तो छातीत कळ आल्याचं सोंग करतो आणि दुसरा खाली वाकलेला असताना पटच फिरवतो! बक्षीस काय, तर दातांची कवळी.

इथे एकेका चालीचा हिशेब लावायची गरजच पडत नाही. स्वतःशी खेळताना आपण एका बाजूला हळूच झुकतं माप देतो, हे घरी एकट्याने पट मांडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो अनुभव इतका नेमका पकडलेला मी दुसऱ्या कुठल्याही कार्टूनमध्ये पाहिलेला नाही.