डेन्मार्क: आतड्याच्या कर्करोगातलं सर्व्हायव्हल वाढलं ते स्क्रीनिंगमुळेच का?

आकडेमोड्या: डेन्मार्कमध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचं पाच वर्षांचं सर्व्हायव्हल (निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण) गेल्या पंचवीसेक वर्षांत बरंच चढलंय. मार्च 2014 पासून तिथे देशभर स्क्रीनिंग (लक्षणं नसलेल्यांचीही तपासणी) आहे. आलेखावर 2014 ला उभी रेघ मारून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं दाखवलं तर चालेल का? दुसरं, ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या रेलसर्व्ह पॅकेजने नेट सर्व्हायव्हल (इतर कारणांचे मृत्यू वगळून, फक्त कर्करोगाचा परिणाम दाखवणारं) काढलं तर ते साध्या कापलान-मायरइतकंच, म्हणजे सगळे मृत्यू धरून काढलेल्या आकड्याइतकंच येतंय.

तक्ताप्रेमी: दुसऱ्याचं आधी सांगतो. वय वर्षांत भरलंय का ते बघा. लाइफ टेबलला (सामान्य लोकांच्या मृत्युदराच्या तक्त्याला) वय दिवसांत लागतं, म्हणजे वर्षं गुणिले 365.241. नुसतं 70 भरलं की पॅकेजला रुग्ण 70 दिवसांचं बाळ वाटतो. लहान मुलांचा अपेक्षित मृत्युदर नगण्य, म्हणून नेट आणि निरीक्षित आकडा जवळजवळ सारखाच. पॅकेज एरर देत नाही, हीच पंचाईत. उदाहरणार्थ, पाच वर्षांनी 60 टक्के जिवंत आणि त्याच वयाच्या, लिंगाच्या, सालातल्या सामान्य लोकांत 80 टक्के जिवंत असतील, तर साधं सापेक्ष सर्व्हायव्हल 75 टक्के. नेट सर्व्हायव्हल काढायची पद्धत पोहार-पेर्मे ठेवा, टेबल डेन्मार्कचंच घ्या.

रजिस्ट्रीवाला: रेघ मारा, पण तिच्यावर भार टाकू नका. 50 ते 74 वयाच्या सगळ्यांना पहिलं आमंत्रण जायलाच 2017 उजाडलं. म्हणजे 2015 चे रुग्ण एकाच वयाचे असले तरी काही बोलावलेले, काही न बोलावलेले. निदान कसं झालं हा रकाना मिळाला तर गट तसेच पाडा.

मोठा घोळ लीड टाइमचा, म्हणजे निदान जितकं आधी झालं तितक्या काळाचा. समजा माणूस 72 व्या वर्षी जाणार आहे. 68 ला लक्षणांवरून निदान झालं तर तो चारच वर्षं ‘जगला’. 66 ला स्क्रीनिंगच्या शौचतपासणीत सापडला तर सहा वर्षं, म्हणजे पाच वर्षांच्या यशात जमा. मृत्यूची तारीख तीच!

गंमत म्हणजे उलटंही होतं. स्क्रीनिंगमध्ये पॉलिप (आतड्यातली, पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ) काढल्यामुळे जे कर्करोग होतच नाहीत ते बहुधा सावकाश वाढणारे, बरे होणारे असतात. ते यादीतून गेले की उरलेल्यांचं सर्व्हायव्हल खाली येऊ शकतं, आणि कार्यक्रम मात्र यशस्वी असतो. त्यामुळे शेजारी दोन आलेख हवेतच: स्टेजनुसार (रोग किती पसरलाय त्यानुसार) नवे रुग्ण, आणि दर लाखामागे वयप्रमाणित (वयोरचनेतला फरक काढून टाकलेले) मृत्यू. मृत्यूच्या आलेखाला लीड टाइमची बाधा नाही.

गाठवही: गुदाशय वेगळा काढा, सी18 (मोठं आतडं) आणि सी20 (गुदाशय) हे रोगांचे कोड एकत्र कालवू नका. तिथली सुधारणा स्क्रीनिंगच्या कितीतरी आधीची. ब्रिटिश सर्जन हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलेली, भोवतालच्या मेदासकट अखंड गुदाशय काढण्याची पद्धत नॉर्डिक देशांत नव्वदच्या दशकात रुजली. स्वीडनच्या 1997 च्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी किरणोपचाराचे 5 ग्रेचे (ग्रे हे मात्रेचं एकक) पाच डोस दिल्यावर स्थानिक पुनरुद्भव (त्याच जागी कर्करोग परत येणं) 27 वरून 11 टक्क्यांवर आला, पाच वर्षांचं सर्व्हायव्हल 48 वरून 58 वर गेलं.

स्टेजनुसार तुलना करताना किती लसिकाग्रंथी तपासल्या तेही बघा. 12 पेक्षा कमी असतील तर तिसऱ्या स्टेजचे (ग्रंथींत रोग पसरलेले) काही रुग्ण दुसरीत दडून बसतात. तपासणी नेटकी झाली की ते तिसरीत जातात आणि दोन्ही स्टेजचे आकडे सुधारतात, रुग्ण तेच असूनही.

रजिस्ट्रीवाला: एक राहिलं. हेच गणित भारतीय आकड्यांवर तसंच लावू नका. डेन्मार्कमध्ये 1968 पासून प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक आहे, मृत्यू आणि देशांतर आपोआप जुळतात. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग रजिस्ट्रीसारख्या (रुग्णनोंदणीसारख्या) ठिकाणी त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं. ज्याचा पत्ता लागत नाही त्याला जिवंत धरलंत तर आकडा फुगतो. त्याला शेवटच्या संपर्काच्या तारखेला सेन्सॉर करा (तिथपर्यंतच मोजा) आणि असे किती टक्के होते ते तक्त्याखाली लिहा.