काचा धुण्याच्या कामाला मोटरचं होज रील घ्यावं का?

डिचोलीकर_स्विंडन

नमस्कार मंडळी. विषय आडवाटेचा आहे, पण परदेशात हाताचं काम करणारे बरेच जण इथे दिसतात, म्हणून विचारतो.

मी मूळचा डिचोलीचा. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आलो आणि इथल्या बहुतेक गोंयकारांसारखा आधी गोदामात लागलो. आता स्वतःचा धंदा आहे, घरांच्या खिडक्या बाहेरून धुण्याचा. व्हॅनमध्ये ३५० लिटरची टाकी, बारा व्होल्टचा पंप, रीलवर १०० मीटर अर्धा इंची पाइप, आणि पाइपाच्या टोकाला कार्बन फायबरचा लांब पोल, त्यावर ब्रश. जमिनीवर उभं राहून वरच्या मजल्याची काच घासायची, धुवायची आणि तशीच सोडायची. पुसायची नाही.

त्रास आहे तो रीलचा. प्रत्येक घरी पाइप ओढत न्यायचा आणि काम झालं की हँडल फिरवत गुंडाळायचा. उजवा खांदा आता रात्री झोपू देत नाही. फिजिओबाई म्हणाल्या, ते फिरवणं थांबवा. मोटरचं रील रिमोटसकट काही शे पौंडांना पडतंय. बायको म्हणते तेवढ्यात गणपतीला घरी जाऊन येऊ, आणि तिचंही चुकीचं नाही.

कोणी वापरलंय का? माझी ११० अँपिअर-अवरची बॅटरी दिवसभर पुरेल का, की दुपारी पंप मान टाकेल? आणि रिमोटचा खरंच उपयोग होतो, की नुसतं खेळणं?

दादर_पश्चिम

भाबडा प्रश्न आहे, राग मानू नका. काच पुसायची नाही, तर डाग कसे पडत नाहीत? आमच्या बाल्कनीच्या काचेवर पाण्याचा शिंतोडा वाळला तरी पांढरं उमटतं. आणि एवढा पोल-पाइपाचा संसार मांडण्यापेक्षा शिडी लावून दोन हात मारले तर?

डिचोलीकर_स्विंडन

राग कसला! डाग पाण्याचे नसतात, पाण्यातल्या क्षारांचे असतात. इथलं नळाचं पाणी चांगलंच जड, मीटर बुडवला की टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तीनशेच्या आसपास दाखवतो. ते आधी आरओतून आणि मग उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढायचं, मीटरवर शून्य आलं की टाकीत घ्यायचं. पाण्यात विरघळलेलं काही उरलंच नाही, तर वाळल्यावर काचेवर राहणार काय?

शिडीचं म्हणाल, तर इथे २००५ चे वर्क ॲट हाइट नियम आहेत. जे काम जमिनीवरून होण्यासारखं आहे, त्यासाठी उंचावर चढू नका, हा त्यांचा पहिला आग्रह. शिवाय नोव्हेंबरच्या चिखलात शिडी रोवून बघा एकदा.

रंकाळा_ते_रेडिंग

डिचोलीकर, रीलचं नंतर बोलू. आधी तो पाइप बदला.

घरांच्या कामाला अर्धा इंची पाइप हवाय कशाला? १२ मिमी आतल्या व्यासाच्या १०० मीटर पाइपात ११ लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे ११ किलो पाणी, पाइपाचं वजन वेगळं. ८ मिमीच्या पाइपात तेच ५ लिटर आणि ६ मिमीत ३ लिटरही नाही. हे सगळं तुम्ही दिवसभर लोकांच्या अंगणांतून ओढत हिंडताय. मोटर फक्त गुंडाळून देते, ओढायला तुम्हीच! परतीचा त्रास जाईल, जातानाचा तसाच राहील. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

मग सरळ ६ मिमीच का घेऊ नये? कारण बारीक पाइप दाब खातो. मिनिटाला २ लिटर पाणी ढकलायचं असेल तर १०० मीटर ८ मिमी पाइपात साधारण एक बार दाब जातो, ६ मिमीत त्याच्या जवळजवळ चौपट. तुमचा पंप १०० पीएसआयचा असेल, म्हणजे सात बारही नाही. त्यातले चार पाइपानेच गिळले, वर पोलच्या उंचीचा अर्धा-पाऊण बार, मग ब्रशच्या जेटला काय उरतं? पंप कण्हत राहतो आणि वरच्या खिडकीवर नुसती सुरसुर. म्हणून ८. आणि पाइप बदलला की पंपाच्या कंट्रोलरचं डेड-एंड कॅलिब्रेशन (नळ बंद झालाय हे ओळखायची जुळणी) पुन्हा करा. नाहीतर नळ बंद केला तरी पंप ढकलतच राहील, किंवा काम चालू असताना मध्येच अडून बसेल.

आता रील. आमच्या व्हॅनमध्ये मोटरचं आहे आणि मी ते काढू देणार नाही. नवरा अजून म्हणतो, हाताने पटकन होतं. सकाळी होतं, मान्य. दुपारी चारनंतर, पावसात, पाइप दगडासारखा गार झाल्यावर त्याच्या हातात हँडल दिलं की मुकाट रिमोट शोधतो.

घेण्याआधी दुकानात एकच करून बघा. पाइप गुंडाळलेल्या रीलमधून दहा मीटर हाताने झटक्यात ओढा आणि मग एकदम थांबा. मोटरचा गिअर सुटून ड्रम मोकळा फिरला पाहिजे, नाहीतर ओढताना तुम्ही पाइपाबरोबर गिअरशीही झटापट कराल आणि खांदा आत्तापेक्षा लवकर जाईल. पण इतकाही मोकळा नको, की तुम्ही थांबल्यावर ड्रम आपला फिरतच राहिला. मग पाइपाचे वेढे सैल होऊन एकमेकांत घुसतात आणि पुढच्या घरी ती गुंतवळ सोडवत बसा. थोडा ब्रेक लागतोच, आणि तो आवळता-सैल करता यायला हवा. जे रील हातात धरून बघू देत नाहीत, फक्त फोटोवर विकतात, तिथून मी घेत नाही.

दुसरी कटकट म्हणजे पाइप एकाच बाजूला ढीग करून बसतो. दाराशी उभे-आडवे रोलर लावले तर बऱ्यापैकी सरळ येतो, तरी शेवटचे वीस मीटर मी हाताने डावीकडे-उजवीकडे नेते. त्याच हातात ओलं फडकं असतं, पाइप त्यातूनच आत जातो. कारण सांगायला नको. इथल्या हिरवळीवर कुत्र्यांनी काय काय ठेवलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. फडकं नसेल तर ते रीलवर, रीलवरून व्हॅनभर, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पायरीवर.

रिमोट खेळणं नाही, पण धोक्याचं आहे. काही रिमोट एकदा दाबला की रील चालूच राहतं, पुन्हा दाबेपर्यंत. तसला घेऊ नका. बोट दाबलेलं असेपर्यंतच फिरणारा घ्या, बोट उचललं की थांबलं पाहिजे. आणि टोक मोकळं सोडून व्हॅनपाशी उभं राहून ओढायचं नाही. टोकाचा कनेक्टर गाडीच्या चाकाखाली अडकतो, कुंडी घेऊन येतो, कोपऱ्यावरून सुटला की चाबकासारखा फिरतो. फुटपाथवर एखादी आजी किंवा बाबागाडी असेल तर? मी टोक हातात घेऊन व्हॅनकडे चालत येते आणि रील माझ्या चालीने गुंडाळतं. वेळ तेवढाच लागतो, कारण व्हॅनपर्यंत चालायचं तर असतंच.

फिरत्या भागाला आडोसा हवा, हे इथल्या १९९८ च्या पुवर (कामाच्या यंत्र-अवजारांच्या) नियमांतही आहे आणि ते एकट्याने धंदा करणाऱ्यालाही लागू आहेत. साखळी उघडी असलेलं स्वस्तातलं रील मिळतं. माझ्या वेणीकडे बघून मी ते लगेच खाली ठेवलं.

तार_आणि_फ्यूज (चिंचवड)

काचा धुण्यातलं मला कळत नाही, गाड्यांचं वायरिंग करतो. बॅटरीबद्दल एवढं घाबरायचं कारण नाही. रीलची मोटर समजा २० अँपिअर ओढते (नक्की आकडा मोटरच्या पट्टीवर बघा किंवा क्लॅम्प मीटर लावा). एकदा गुंडाळायला एक मिनिट धरलं तर खर्च एक तृतीयांश अँपिअर-अवर. पंचवीस घरं केली तरी आठ-साडेआठ. ११० मधून आठ म्हणजे काही नाही, तुमचा पंपच दिवसभरात याच्याहून जास्त खात असेल.

घोळ होतो तो वायरीत. बॅटरी पुढे आणि रील मागच्या दाराशी असेल, चार मीटर अंतर, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं झालं. २.५ चौरस मिमीची वायर टाकली तर २० अँपिअरला एक व्होल्टहून जास्त वाटेतच मरतो. मोटर मंद होते, ओढ लागली की जास्त करंट मागते आणि तापते. १० चौरस मिमीची टाका, मग पाव व्होल्टच्या आसपास जाईल. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच, वीतभर अंतराच्या आत. मोटरपाशी लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. पाइप कुठे अडकला आणि मोटर जाम झाली तर करंट कितीतरी पट चढतो, आणि ज्या व्हॅनमध्ये तुम्ही बसता तिथेच ती वायर पेटते.

अजून एक. व्हॅन युरो ६ (धुराच्या नव्या नियमां)ची असेल तर अल्टरनेटर बहुधा स्मार्ट असतो, मध्येच व्होल्टेज खाली आणतो. साध्या स्प्लिट चार्ज रिलेवर (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) मागची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि मग लोक रीलला शिव्या देतात. डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, तो व्होल्टेज हवं तेवढं चढवून मागची बॅटरी भरतो.

निफाड_द्राक्षबाग

आमच्याकडे फवारणीच्या एचटीपी पंपावर ८.५ मिमीचा पाइप, १०० मीटरचं बंडल, तेही रीलवरच. दाब वीस-तीस किलोचा, त्यामानाने तुमचं काम शांत आहे. पण गळायला लागतं ते एकाच ठिकाणी: ड्रमच्या मधला फिरता सांधा, स्विव्हल. ते हाताने उघडता येत असेल आणि आतली ओ-रिंग बाजारात मिळत असेल तरच रील घ्या. सीलबंद असेल तर गळालं की अख्खं बदला.

स्विव्हलला येणारा पाइप ताठ जोडू नका, हातभर मऊ पाइपाचा झोल ठेवा. गाडी हादरली की ताठ पाइप स्विव्हलला कडेने दाबतो आणि ओ-रिंग एका बाजूने झिजते. वंगण सिलिकॉन ग्रीसचं. गाडीचं ग्रीस काही रबरांना फुगवतं.

बाकी आमच्या मजुरांना हे मोटरचं दाखवू नका, उद्या फवारणीला येणार नाहीत.

डिचोलीकर_स्विंडन

ताई, ८ मिमीचा पाइप आजच मागवला. तो लावून आठवडाभर बघतो आणि तरी खांदा बोलला तर रील. चिंचवडकर, माझी व्हॅन युरो ६चीच आहे आणि आत साधा रिले आहे, दुपारी पंप का मंदावतो ते आत्ता कळलं. निफाडकर, झोलाचं लिहून ठेवलं.

एक राहिलं. रील मागच्या दाराशी ठेवू की बाजूच्या सरकत्या दाराशी? आणि थंडीत गोठण्याचं काय करता?

रंकाळा_ते_रेडिंग

तुमची घरं बहुतेक रस्त्याला लागून असतील तर बाजूचं दार. इथे गाडी डावीकडे लावली की ते फुटपाथवर उघडतं. मागच्या दाराशी रील असेल तर गुंडाळताना तुम्ही रस्त्यात, पाठ रहदारीकडे. घरापुढे ड्राइव्हवे असलेल्या नव्या वसाहतीच जास्त असतील तर मागचं बरं, पाइप सरळ निघतो. पंपाच्या डोक्यावर बसवू नका. स्विव्हल गळेल तेव्हा सगळं पाणी पंपाच्या वायरीत.

भोकं पाडण्याआधी व्हॅनखाली झोपून बघा, डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते. खालून मोठे वॉशर किंवा पट्टी द्या. इन्शुरन्सवाल्यांना कळवा, व्हॅनमध्ये बदल केल्याचं लपवलं तर दाव्याच्या वेळी तेच काढून दाखवतात.

थंडीत रात्री व्हॅनमध्ये थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर, घरच्या विजेवर. पोलचा नळ उघडून पाइपातला दाब सोडून ठेवायचा. शून्याच्या खूप खाली जाणार असेल तर मी आरओची मेंब्रेन (आतली गाळणी) घरातच आणते, ती गोठली की फेकायचीच.

डिचोलीकर_स्विंडन

माझी बहुतेक घरं टेरेसची, म्हणजे रस्त्यालगत एकमेकांना चिकटून ओळीने असलेली, आहेत, म्हणजे बाजूचं दार. रीलखाली प्लायवूड किती जाडीचा टाकलाय?

रंकाळा_ते_रेडिंग

१८ मिमी, मरीन. कडांना वॉर्निश मारून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.