पोस्टग्रेसमध्ये फ्रेज सर्च: पुस्तकाच्या सुरुवातीचं सापडतं, पुढचं सापडतच नाही

घणसोली_स्टेशन:

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका छोट्या वाचनालयाने जुनी पुस्तकं आणि स्मरणिका स्कॅन करून घेतल्यात, टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलने ओसीआरपण (स्कॅनमधून मजकूर काढणं) झालाय, आता त्यावर सर्च बसवायचं काम माझ्या गळ्यात आहे (फुकटात, हे सांगायला नको). सेटअप साधा आहे, पोस्टग्रेस डेटाबेस, एका पुस्तकाची एक रो, अख्खा मजकूर एकाच टेक्स्ट कॉलममध्ये, सिंपल कॉन्फिगने (शब्द जसेच्या तसे ठेवणाऱ्या सेटिंगने) टीएसव्हेक्टर, म्हणजे शोधायच्या शब्दांची यादी, आणि त्यावर गिन इंडेक्स. एकेकटा शब्द टाकला की झकास चालतं. गडबड फ्रेजची, म्हणजे लागोपाठच्या शब्दांच्या शोधाची आहे. एका स्मरणिकेत पान १४० वर 'मासुंदा तळ्याच्या काठी' हे शब्द मला डोळ्यांनी दिसतायत, लाइक लावून (अक्षरं जशीच्या तशी जुळवून) शोधलं तर रो येते, फ्रेजटू_टीएसक्वेरी या फ्रेज शोधायच्या फंक्शनने मारलं की शून्य. त्याच स्मरणिकेच्या पहिल्या लेखातलं 'बोरीबंदर ते ठाणे' मात्र लगेच येतं. मला वाटलं साठेक पानांनंतर काहीतरी कापलं जातंय, पण मग दुसऱ्या एका पुस्तकात चाळिसाव्या पानावरचं 'ठाणे आणि कल्याण' पण गायब, आणि त्याच पानावरच्या बाकीच्या फ्रेज येतायत, म्हणजे तेही गणित बसत नाही. लॉगमध्ये एरर नाही, वॉर्निंग नाही. इंडेक्स पाडून परत बांधला, ढिम्म फरक नाही. कमिटीतले एक काका रोज फोन करून विचारतात 'झालं का'. सर्व्हर २ जीबी रॅमचा आहे, वाढवून मिळणार नाही.

तलावपाळीकर:

इलास्टिकसर्च (शोधाचं वेगळं सॉफ्टवेअर) टाका आणि मोकळे व्हा. फुल टेक्स्ट हे पोस्टग्रेसचं कामच नाही.

नेरुळची_डेटावाली:

@तलावपाळीकर २ जीबीवर पोस्टग्रेसच्या जोडीला इलास्टिक? त्याच्या जावा हीपला (राखीव मेमरीला) किती देणार आणि बाकीच्यांनी काय खायचं?

घणसोली, इंडेक्सच्या मागे लागू नका, तो बिचारा निर्दोष आहे. भानगड टीएसव्हेक्टरच्या आत आहे. पोस्टग्रेस प्रत्येक शब्दासोबत तो कितवा आला ती पोझिशन ठेवतं, आणि हा आकडा १६३८३ च्या वर जातच नाही, पुढचे सगळे शब्द गुपचूप १६३८३ वरच कोंबले जातात. आता <-> या, फ्रेजच्या शब्दांमध्ये बसणाऱ्या ऑपरेटरचा अर्थ काय, तर दुसऱ्या शब्दाची पोझिशन पहिल्यापेक्षा बरोब्बर एकने जास्त. दोघं १६३८३ वरच बसले असतील तर फरक शून्य, मॅच कुठून होणार. एका पानावर अडीचशे-पावणेतीनशे शब्द धरले तर साठेक पानांत कोटा खलास, म्हणजे तुमचा अंदाज बरोबरच होता. एकटा शब्द सापडतो कारण त्याला पोझिशन लागत नाही, नुसतं 'आहे का' एवढंच बघायचं असतं.

चाळिसाव्या पानाचं कोडं वेगळं आहे. एका शब्दाच्या जास्तीत जास्त २५६ पोझिशन साठवल्या जातात. सिंपल कॉन्फिगमध्ये स्टॉपवर्ड ('आणि'सारखे सतत येणारे शब्द) गाळले जात नाहीत, त्यामुळे 'आणि'चा कोटा वीस-तीस पानांतच भरतो आणि पुढचे सगळे 'आणि' फ्रेजच्या दृष्टीने नाहीतच. 'ठाणे आणि कल्याण' तिथे अडकलं, बाकीच्या फ्रेजमध्ये एवढा सारखा येणारा शब्द नसणार. खात्री करायची असेल तर त्या रोचा टीएसव्हेक्टर अननेस्ट करा (शब्दवार उलगडा) आणि 'आणि'समोरचा पोझिशनचा ॲरे किती लांब आहे बघा.

उपाय एकच, रो छोटी करा. पुस्तकाचं टेबल वेगळं, पानांचं वेगळं, प्रत्येक पानाची एक रो आणि त्यावर टीएसव्हेक्टरचा जनरेटेड (आपोआप भरणारा) कॉलम. कॉन्फिगचं नाव फंक्शनला स्पष्ट द्या, नुसता मजकूर दिलात तर एक्स्प्रेशन इम्युटेबल (दर वेळी तेच उत्तर देणारं) नाही म्हणून कॉलम तयारच होणार नाही. याचा अजून एक फायदा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही. गिन इंडेक्समध्ये पोझिशन नसतातच, फक्त शब्द असतात, त्यामुळे फ्रेज क्वेरीला प्रत्येक संभाव्य रो टेबलातून उचलून परत तपासावी लागते. रो म्हणजे अख्खं पुस्तक असेल तर दर वेळी तेवढा मोठा टीएसव्हेक्टर उघडायचा, पान असेल तर चिमूटभर. रम नावाचं एक्स्टेंशन इंडेक्समध्येच पोझिशन ठेवतं, पण तुमच्या आकाराला त्याची गरज पडू नये. आणि मोठ्या पुस्तकाला आज ना उद्या टीएसव्हेक्टरची १ एमबीची मर्यादा आडवी आली असतीच, ती निदान तोंडावर एरर तरी देते.

घणसोली_स्टेशन:

ताई, अननेस्ट करून बघितलं, अगदी तसंच आहे. आता पानवार तोडतो. पण फ्रेज एका पानाच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या पानावर संपली तर?

नेरुळची_डेटावाली:

पुढच्या पानाचे पहिले दहा-बारा शब्द या पानाच्या इंडेक्सच्या मजकुराला शेपटीसारखे जोडा, दाखवायच्या मजकुरात नको. क्वचित एकच फ्रेज दोन लागोपाठच्या पानांवर सापडेल, तेव्हा पुढचं पान ठेवायचं.

ऐरोली_नाईटशिफ्ट:

इलास्टिकचं नाव निघालंच आहे तर सांगतो, ऑफिसात तेच सांभाळतो. तिकडे १६३८३ वाली भानगड नाही, टेक्स्ट फील्डमध्ये पोझिशन आपोआप इंडेक्स होतात, लांब मजकुरावरही मॅच फ्रेज नीट चालतं. पण मॅपिंग (कोणतं फील्ड कसलं ते) न देता डेटा ओतला की सोबत कीवर्डचं (अख्खी व्हॅल्यू एकच शब्द धरणारं) सबफील्ड बनतं, त्यात २५६ अक्षरांपुढच्या व्हॅल्यू इंडेक्सच होत नाहीत, आणि नवीन माणूस तिथेच शोधत बसतो. ती मर्यादा काढली की ल्युसीन (इलास्टिकच्या आतलं सर्च इंजिन) ३२७६६ बाइटपेक्षा मोठी टर्म (इंडेक्समधली एक नोंद) घेत नाही, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, म्हणजे अकरा हजारांच्या आतच गाडी थांबते. कीवर्ड पूर्ण मजकुरासाठी नाहीच, तिकडे फिरकू नका. फ्रेज फार चालत असतील तर इंडेक्स_फ्रेजेस ट्रू करा, शब्दांच्या जोड्या वेगळ्या साठवल्या जातात, डिस्क जास्त खातं पण फास्ट होतं. हायलाइटची (सापडलेले शब्द उठून दाखवायची) बोंब वेगळी, डिफॉल्टला १० लाख अक्षरांपुढे नुसत्या ॲनालिसिसवर हायलाइट करायला ते नकार देतं, ऑफसेट (शब्दांच्या मजकुरातल्या जागा) इंडेक्स करून ठेवावे लागतात. सगळी बेरीज केली तर तिकडेही मी पानवारच तोडलं असतं, युजरला पान नंबरच हवा असतो ना शेवटी.

कोपरी_पूर्व:

टेक्निकल चर्चा छान चाललीये पण मराठीचं कोणी बोललंच नाही. ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही 'दऱ्या' सारखेच दिसतात, इंडेक्सला मात्र दोन वेगळे शब्द. ओसीआर एका पद्धतीने लिहितो, काकांचा मोबाइल कीबोर्ड दुसऱ्या, आणि मग 'किनाऱ्यावर'वाली एकही फ्रेज सापडत नाही.

इथे लोक काय करतात, तर सगळे जॉइनर सरसकट उडवतात. मग दुसऱ्या प्रकारच्या दऱ्याचा 'दर्या' होतो, डोंगरातला माणूस समुद्रात! इलास्टिकचा आयसीयू नॉर्मलायझर (अक्षरं एकसारखी करणारा भाग) डिफॉल्टला हेच करतो. आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीला ऱ-हलन्तने बदला, उरलेले जॉइनर त्यानंतर काढा, हा क्रम उलटा चालत नाही. मग एनएफसी (युनिकोडचं एकच ठरलेलं रूप), पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहेच. आणि हे सगळं मजकुरावर आणि युजरच्या क्वेरीवर, दोन्हीकडे एकाच फंक्शनने.

ल्युसीनमध्ये मराठीचा वेगळा ॲनालायझर (मजकूर तोडून शब्द साफ करणारा भाग) नाही म्हणून कोणी हिंदीचा लावा म्हणेल, लावू नका. तो नॉर्मलायझर नुक्ता (अक्षराखालचा टिंब) काढतो, हलन्त काढतो, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करतो, ॅ चा े करतो. 'बॅट' आणि 'बेट' एक होऊन बसतात.

घणसोली_स्टेशन:

हे सोनं आहे राव. एक राहिलं, प्रत्यय. लोक 'ठाणे खाडी' टाकणार आणि पुस्तकात 'ठाण्याच्या खाडीत'.

कोपरी_पूर्व:

चांगला मराठी स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द देणारा) हातात नसेल तर प्रीफिक्सवर (शब्दाच्या सुरुवातीवर) भागवा. टू_टीएसक्वेरीमध्ये 'ठाण्या:* <-> खाडी:*' चालतं, फ्रेजच्या आतसुद्धा. 'ठाणे'वरून 'ठाण्या' असं सामान्यरूप मात्र तुम्हालाच काढावं लागेल, गावांच्या नावांची छोटी यादी करून ठेवली तरी बरंच काम होतं. 'खाडी:*' ने खाडीपूलही येईल, येऊ दे.

घणसोली_स्टेशन:

पानवार तोडलं, तिकडी बदलली, मासुंदा तळं पान १४० वर हजर. काकांना लिंक पाठवली. पण 'माझे आई वडील' अजून सापडत नाही, पुस्तकात 'माझे आई-वडील' आहे. नुसतं 'आई वडील' टाकलं तर येतं, हे काय आता?

नेरुळची_डेटावाली:

हायफन. पोस्टग्रेसचा पार्सर (मजकूर तोडणारा भाग) 'आई-वडील'चे तीन टोकन (शोधायचे सुटे तुकडे) करतो, आधी अख्खा जोडशब्द, मग आई, मग वडील, आणि तिघांना ओळीने पोझिशन देतो. 'माझे' आणि 'आई'च्या मध्ये तो जोडशब्द येऊन बसतो म्हणून साखळी तुटते. इंडेक्स करायच्या मजकुरात हायफनच्या जागी स्पेस टाका, क्वेरीतही तेच. पण त्याआधी ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडून घ्या, ओसीआरमध्ये 'खाडी-' एका ओळीवर आणि 'किनारा' पुढच्या ओळीवर असं ढिगाने असतं, तिथे स्पेस टाकलीत तर 'खाडीकिनारा' कधीच सापडणार नाही. ओळ संपताना 'आई-' आलं तर तेही जोडलं जाऊन 'आईवडील' होईल, त्याला इलाज नाही, तसंही निम्मे लोक ते जोडूनच लिहितात.