'जुळवून घ्या' म्हणणारे शिकायला वेळ कधी देणार?

आठचारची_लोकल
शनिवारी ऑफिसने पवईच्या हॉटेलात 'बदलत्या जगातलं नेतृत्व' नावाचं शिबिर ठेवलं. कागदी पेल्यांचे मनोरे रचले, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना फिरवलं, ग्रुप फोटो झाला. सोमवारी नवीन सॉफ्टवेअर सुरू! ते कसं चालवायचं हे सांगायला मात्र कुणी नाही. पंधरा वर्षं बिलं तपासणाऱ्या आमच्या एका बाई दुपारी रडवेल्या झाल्या, तर साहेब म्हणाले, 'तुम्ही फ्लेक्झिबल नाही.' मला तर ही शुद्ध फसवणूक वाटते. शिकायला कामाच्या वेळेतले तास लागतात, भाषणं नाही.

गिरणगावचा_पोर
+१. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. माझे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, होते. नंतर त्यांनी भाजी विकली, कुरिअर वाटलं, शेवटी वॉचमनकी केली. आणखी किती जुळवून घ्यायचं? प्रत्येक बदलात पगार मात्र खालीच गेला.

रिंगणातला_भाचा
असहमत. माझा मामा दलाल स्ट्रीटवर, शेअर बाजारात जॉबर होता, म्हणजे स्वतःच्या हिशेबावर शेअर्सची खरेदी-विक्री करणारा. रिंगणात ओरडून सौदे व्हायचे, घसा हेच भांडवल. १९९५ मध्ये बोल्ट, म्हणजे संगणकावर सौदे करायची यंत्रणा आली, सौदे स्क्रीनवर गेले आणि सगळा आरडाओरडा थंड. मामा तेव्हा चाळिशीचा. अर्ध्या वयाच्या पोराला रोज वडापाव खिलवून त्याच्याकडून कीबोर्ड शिकला. कंपनी शिकवेल म्हणून थांबले ते अजून थांबलेच आहेत.

आठचारची_लोकल
मामांचं कौतुक आहेच. पण आमच्या बाई बदलापूरहून येतात, रात्री साडेआठला घरी पोचतात, मग पोळ्या. वडापाव खिलवायचा कधी?

निवृत्त_हेडकॅशियर
मी बँकेत असताना संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या आहेत. अर्धी चूक होती, अर्धी नव्हती. युनियन अडून बसली म्हणून १९८३ चा करार झाला, संगणक चालवणाऱ्यांना पुढे वेगळा भत्ताही मिळाला. फुकट कुणी काही दिलं नाही.
आणि नेतृत्वाचं म्हणाल तर एकच माणूस आठवतो. आमच्या शाखेत संगणक लागला तेव्हा मॅनेजर पहिला आठवडा स्वतः काउंटरवर बसला. दोनदा खातं चुकलं, गिऱ्हाईक चिडलं, त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानंतर आम्हाला चुकायची भीती उरली नाही. (तोपर्यंत तो आम्हाला अजिबात आवडत नव्हता, हेही सांगतो.)

एचआरवाली_ठाणेकर
पेल्यांच्या मनोऱ्यांना हसा, मीही हसते. आतली गोष्ट ऐका: शिबिराचं बिल एका सहीत पास होतं. पण 'दहा दिवस रोज दोन तास काम कमी द्या, माणसं शिकतील' असं लिहिलं की फाईल परत येते. तरी भाच्याचंही खरं आहे. काहींना वेळ दिला तरी ते मोबाईल बघतात.

गिरणगावचा_पोर
काही म्हणजे किती? ते धरून सगळ्यांचे तास कापायचे?

रिंगणातला_भाचा
सगळं साहेबावर ढकलू नका. @आठचारची_लोकल, तुम्हाला ते सॉफ्टवेअर येतं ना? मग सोमवारी बाईंच्या शेजारी बसलात का?

आठचारची_लोकल
नाही. माझीच बिलं अडकली होती.