बूथवर पहिल्यांदाच एजंट म्हणून बसणार आहे, काय काय पाहू?

कपाशीची_लेक:
नमस्कार. मी पांढरकवडा भागातली. येत्या विधानसभेला आमच्या शाळेतल्या बूथवर मतदान प्रतिनिधी म्हणून मी बसणार आहे. मागच्या वेळी जे काका बसले होते ते दुपारी जेवायला घरी गेले, ते मशीन गाडीत चढल्यावरच परतले. आकड्याचा कागद कोणीच घेतला नाही. मग महिनाभर पानठेल्यावर एकच गोष्ट, "बटन कोणतंही दाबा, मत जायचं तिथंच जाते." खरं-खोटं करायला गावात कोणाजवळ एक चिटोरं नव्हतं. माझ्या आजीनं आजवर एकही मतदान चुकवलं नाही. आता ती म्हणते, "मी कायले येऊ? माहं मत कुठं गेलं, सांगणारं हाये का कोणी?" नुसतं "तसं नसते आजी" म्हटलं तर ती ऐकणार नाही. तिला काय दाखवू?

निवृत्त_मास्तर:
बाई, मी सहा निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. पहाटेच जा. मतदान सातला असेल तर मॉकपोल, म्हणजे मशीनची चाचणी, साडेपाचला असतो. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं वाट पाहतो आणि सुरू करतो. निदान ५० मतं टाकून मशीनचा आकडा व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवतात. चिठ्ठ्या स्वतः मोज. मग मशीन क्लिअर झालं का, टोटल शून्य दिसते का, चिठ्ठ्या डब्यातून काढून काळ्या लिफाफ्यात सील केल्या का, ते बघ. एकदा घाईत क्लिअर करायचं माझ्याकडूनच राहत होतं. विशीतला एक एजंट म्हणाला, "सर, शून्य दाखवा." त्या पोराचे उपकार मी आजही मानतो.

सीलवर सही कर, नंबर वहीत उतरव. संध्याकाळी क्लोज बटन दाबल्यावर नमुना १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय उठू नको. त्यात मशीनचे नंबर, सीलचे नंबर आणि एकूण मतं असतात. मोजणीच्या टेबलावर तुमचा माणूस तोच आकडा जुळवतो. जुळला नाही तर ते मशीन बाजूला ठेवावं लागतं. गावात दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

धानपट्टा:
मी गोंदिया जिल्ह्यातला. २८ मे २०१८ ला आमच्याकडे भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक होती. त्या उन्हात व्हीव्हीपॅट ठिकठिकाणी बंद पडले. म्हातारी माणसं रांगेतून परत गेली. ३० तारखेला ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. तक्रारी लेखी गेल्या, म्हणून दखल घेता आली असं मला वाटतं. तेव्हा काही बिघडलं तर वेळ लिहून ठेवा आणि केंद्राध्यक्षाकडे लेखी द्या. आरडाओरडा करून काहीच हाती लागत नाही.

कपाशीची_लेक:
मास्तर, खूप मदत झाली. आणखी एक. आजी गेली आणि तिच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर?

निवृत्त_मास्तर:
परत पाठवू देऊ नको. ओळख पटली तर तिला कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात जातं. आणि कोणी दुसऱ्याच्या नावावर आलाय असं वाटलं तर तू २ रुपये भरून आक्षेप घेऊ शकतेस. पण खात्री असेल तरच घे. आपल्याच गावच्या माणसाला उगाच उभं करू नये.

आजीला हेही सांग की बटन दाबल्यावर चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. नाव आणि चिन्ह वाचून मगच तिथून हलायचं. चिठ्ठी चुकीची आली असं वाटलं तर लेखी देऊन चाचणी मत मागता येतं, मात्र खोटं सांगितलं तर शिक्षा आहे.

वऱ्हाडी_गडी:
ग्रामपंचायत आणि झेडपीच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसते ना? तिथं काय करायचं?

निवृत्त_मास्तर:
नसतं, भाऊ. म्हणून तिथं तर मॉकपोल आणि शेवटचा आकडा दुप्पट जपा.

कपाशीची_लेक:
सात सेकंदांचं आजीला आताच सांगितलं. ती म्हणाली, "दिसन तं वाचीन ना." तिच्या चष्म्याची एक काच फुटली आहे. उद्या सकाळच्या एसटीनं पांढरकवड्याला नेते.