तात्पुरत्या आसऱ्याचा कायदा आपल्याकडे हवा की नको?

रामबाग, इंदूर
आमच्या ओळखीचे एक सिंधी काका कापड मार्केटात कामाला आहेत. 2016 मध्ये सिंधहून सहकुटुंब आले, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. यंदा मुलगी बारावी झाली आणि कॉलेजच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्याशी गाडी अडली. काकांनी प्लास्टिकचं फोल्डर उघडलं: पाकिस्तानी पासपोर्ट, मुदतवाढीचे कागद, भाडेकरार, नोंदणीच्या पावत्या. यातलं नेमकं काय लागणार, हे खिडकीवरच्या माणसालाही सांगता येईना.

आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. सगळं गृह मंत्रालयाच्या आदेशांवर चालतं, आणि आदेश कधीही बदलतो. अमेरिकेनं 1990 मध्ये कायदा केला: एखाद्या देशात युद्ध किंवा मोठी आपत्ती असेल तर तिथल्या, आधीच अमेरिकेत असलेल्या लोकांना सहा ते अठरा महिने परत पाठवायचं नाही, कामाचा परवाना द्यायचा, मग परिस्थिती पाहून मुदत वाढवायची किंवा संपवायची. असं काहीतरी लेखी आपल्याकडेही हवं.

टिळकनगर
ताई, अमेरिकेचं सांगताय तर पूर्ण सांगा. एल साल्वाडोरच्या लोकांना 2001 च्या भूकंपानंतर हा आसरा मिळाला आणि पुढे वीस वर्षांहून जास्त काळ मुदत वाढतच गेली. याला तात्पुरतं कसं म्हणायचं? मुलं तिथेच जन्मली, घरं घेतली, आता कोण परत जाईल? आपल्या सीमा कुठे कुठे लागतात ते बघा. कायद्यानं हक्क दिला की प्रत्येक प्रकरण कोर्टात जाणार आणि सरकारचे हात बांधले जाणार. आणि आपल्या माणसांसाठी 2019 चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आहेच की.

रामबाग, इंदूर
तो 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी आहे, दादा. काका त्यानंतर आले.

लोकमान्यनगर
मला टिळकनगरांचं पटतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून पोलंडचे हजारो निर्वासित राहिले. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी लोक आले, युद्ध संपल्यावर बहुतेक परत गेले. तिबेटी आले, श्रीलंकेचे तमिळ आले. यातलं काहीही कायद्यावाचून अडलं नाही. माणुसकी आपल्या रक्तात आहे, ती कलमांत कशाला बांधायची?

सुदामानगर
श्रीलंकेचे तमिळ 1983 पासून येताहेत. कित्येकांची दुसरी पिढी छावणीत वाढली. ते अडलेलंच आहे हो.

रामबाग, इंदूर
अगदी. आणि मिझोराम आठवा. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, तिथले चिन जमातीचे लोक सीमा ओलांडून आले. केंद्रानं कळवलं, येऊ देऊ नका. मिझो लोकांनी घरं उघडली, राज्य सरकारनं केंद्राकडे मदत मागितली. आईच्या कडेवरच्या पोराला आसरा मिळणार की नाही, हे दिल्ली आणि ऐजॉलच्या पत्रव्यवहारावर ठरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

मुदतीबद्दल टिळकनगरांची शंका मात्र खरी आहे. म्हणून वरची मर्यादा कायद्यातच घाला, आणि प्रत्येक वाढीची कारणं संसदेपुढे ठेवायला लावा.

टिळकनगर
मर्यादा युरोपनंही घातली होती. 2001 चा नियम, 2022 मध्ये युक्रेनसाठी पहिल्यांदा वापरला. जास्तीत जास्त तीन वर्षं म्हणाले होते, ती उलटून गेली तरी चालूच आहे. मर्यादा पाळणार कोण?

सुदामानगर
युद्ध चालू असताना ती पाळून लोकांना कुठे पाठवणार होते? उलट अमेरिकेत 2025 मध्ये व्हेनेझुएलाच्या लाखो लोकांचं संरक्षण सरकारनं काढून घेतलं. सरकारचे हात बांधले जातात म्हणता, तिथे बांधलेले दिसत नाहीत.

टिळकनगर
मग असल्या कायद्याचा काकांना उपयोग काय? उद्या एका सहीनं जाणारच असेल तर आजचा आदेश काय वाईट?

रामबाग, इंदूर
उपयोग हा की काढून घेताना कारण द्यावं लागतं आणि त्या कारणाला कोर्टात आव्हान देता येतं. व्हेनेझुएलाचे लोक कोर्टात जाऊ शकले ते कायद्यात निकष लिहिलेले होते म्हणून. काकांकडे आज बोट ठेवायला एकही कलम नाही. मुलीची प्रवेशाची तारीख पुढच्या आठवड्यात संपते. निदान शिक्षण आणि काम, या दोन गोष्टी तरी कायद्यात लिहून द्या. नागरिकत्वाचा वाद मग सावकाश करू.